ओढक्षमता आणि पेलोड: ट्रेलरवरच्या बॅटरीचे वजन नेमके कोणाच्या माथी?

प्रवासी ट्रेलर किंवा कॅरॅव्हॅन ओढण्यासाठी वाहन निवडताना माहितीपत्रकात सर्वांत ठळक छापलेला आकडा ओढक्षमतेचा, म्हणजे टोइंग कपॅसिटीचा असतो. तेच वाहन स्वतःच्या अंगावर किती भार पेलू शकते हे सांगणारा पेलोडचा आकडा मात्र बहुधा चालकाच्या दाराजवळच्या एका लहान स्टिकरवर असतो आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. ‘गाडी तीन टन ओढते, ट्रेलर दोन टनांचा आहे, म्हणजे एक टन शिल्लक’ असा हिशेब त्यामुळेच सर्रास केला जातो. हा हिशेब अपुरा आहे, आणि कुटुंबासह प्रवास करणाऱ्यांच्या बाबतीत तो अनेकदा धोकादायक ठरतो, कारण व्यवहारात ओढक्षमता संपण्याच्या कितीतरी आधी पेलोड संपतो. ट्रेलरवर बॅटऱ्या वाढवताना हा फरक सर्वांत स्पष्टपणे जाणवतो, म्हणून खालचे उदाहरण बॅटऱ्यांचेच घेतले आहे.

ओढक्षमता हे वाहनाच्या मागे चाकांवर धावणारे किती वजन ते सुरक्षितपणे खेचू, चढावर नेऊ आणि थांबवू शकते याचे माप आहे. इंजिनची ताकद, गिअरबॉक्स, इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा, ब्रेक आणि हिचची, म्हणजे ट्रेलर अडकवण्याच्या वाहनामागच्या जोडणीची, मजबुती यांवर ते ठरते. अमेरिकेत एसएई या वाहन अभियंत्यांच्या संघटनेचे जे२८०७ हे मानक २००८ साली प्रसिद्ध होण्यापूर्वी प्रत्येक उत्पादक हा आकडा स्वतःच्या पद्धतीने ठरवत असे. या मानकात एअर कंडिशनर पूर्ण चालू ठेवून ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा लांब चढ ठरावीक किमान वेगाने चढण्यासारख्या कसोट्या आहेत, त्यामुळे वेगवेगळ्या गाड्यांचे आकडे आता परस्परांशी ताडून पाहता येतात. या चाचणीतले एक गृहीतक मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे: गाडीत फक्त चालक आणि एक प्रवासी, प्रत्येकी सुमारे ६८ किलो वजनाचे, असे धरलेले असते. मागे बसलेली मुले, डिकीतले सामान, छतावरच्या सायकली यांचा त्यात समावेश नसतो. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर हा आकडा एकदम खाली येतो. युरोप आणि ऑस्ट्रेलियात बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी ७५० किलो ही मर्यादा सर्वसाधारणपणे दिसते.

पेलोड ही निराळी गोष्ट आहे. वाहनाचे कमाल अनुज्ञेय एकूण वजन वजा त्याचे रिकामे वजन म्हणजे पेलोड, आणि तो टायर, ॲक्सल (चाकांचा आस), स्प्रिंगा आणि चासी यांच्या सहनशक्तीवर ठरतो. इंजिन कितीही दमदार असले तरी या आकड्यात त्याने काही भर पडत नाही. अमेरिकेतल्या गाड्यांच्या दाराजवळच्या स्टिकरवर ‘माणसे व सामान यांचे एकत्रित वजन अमुक किलोपेक्षा अधिक नसावे’ अशा अर्थाचे वाक्य असते, आणि तो आकडा त्या विशिष्ट गाडीचा असतो. माहितीपत्रकातला आकडा बहुधा त्या मॉडेलच्या सर्वांत हलक्या आवृत्तीचा असतो, आणि सनरूफ, मोठी चाके, फोर-व्हील ड्राइव्ह अशी प्रत्येक सोय पेलोडमधून वजा होत जाते. युरोपीय नियमांनुसार वाहनाच्या ‘चालू स्थितीतील वजना’त ७५ किलोचा चालक आधीच धरलेला असतो, तर अमेरिकी स्टिकरवरच्या आकड्यातून चालकाचेही वजन वजा करावे लागते. दोन देशांतल्या गाड्यांची तुलना करताना एवढ्या एका तपशिलाने हिशेब चुकू शकतो.

या दोन आकड्यांना जोडणारा दुवा म्हणजे हिचवर येणारा उभा भार. ट्रेलरचे सगळे वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर नसते; त्याचा काही हिस्सा जोडणीच्या टोकातून ओढणाऱ्या वाहनावर टेकलेला असतो, आणि तेवढा हिस्सा वाहनाच्या दृष्टीने डिकीत ठेवलेल्या सामानाइतकाच खरा असतो. उत्तर अमेरिकी पद्धतीच्या ट्रेलरमध्ये हा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा असे मानतात. पिकअपच्या हौद्यात जोडल्या जाणाऱ्या फिफ्थ-व्हील ट्रेलरमध्ये तो १५ ते २५ टक्क्यांपर्यंत जातो. युरोपीय कॅरॅव्हॅनच्या बाबतीत तो साधारण ५ ते ७ टक्के ठेवला जातो, आणि तिथे हिचच्या पट्टीवर उभ्या भाराची वेगळी मर्यादा किलोमध्ये कोरलेली असते, जी पेलोड शिल्लक असला तरी ओलांडता येत नाही. म्हणजे ट्रेलरचे पूर्ण वजन ओढक्षमतेच्या हिशेबात धरायचे, आणि त्यातला हिचवर टेकलेला हिस्सा पेलोडच्या हिशेबात पुन्हा एकदा धरायचा. एकच किलो दोन्हीकडे मोजावा लागतो हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो.

उदाहरणादाखल ३,००० किलो ओढक्षमता आणि ६०० किलो पेलोड असलेला एक पिकअप घेऊ. चार माणसांचे ३०० किलो आणि हौद्याचे झाकण, हिचचे साहित्य व सामान मिळून १०० किलो वजा केले की २०० किलो पेलोड उरतो. ट्रेलरच्या माहितीपत्रकात कोरडे वजन १,७०० किलो आणि हिचवरचा भार १७० किलो दिलेला आहे, तेव्हा कागदावर दोन्ही मर्यादा पाळल्या जातात. परंतु कोरड्या वजनात पाणी, गॅस, भांडी, अंथरुणे यांपैकी काहीही नसते, आणि बॅटऱ्या विक्रेत्याकडे बसवल्या जात असल्याने अनेकदा त्याही नसतात. ट्रेलर प्रवासासाठी भरून निघतो तेव्हा तो २,१०० किलोचा झालेला असतो आणि हिचवरचा भार १२ टक्के, म्हणजे २५२ किलो होतो. ओढक्षमतेचा अवघा ७० टक्के भाग वापरला गेला आहे, पेलोड मात्र ५२ किलोंनी ओलांडला गेला आहे.

आता बॅटऱ्यांकडे वळू. फ्रिज, पंखा, दिवे, पाण्याचा पंप आणि फोन चार्ज करणे यांसाठी दिवसाला ९०० वॅट-तास ऊर्जा लागते असे धरले, आणि ऊन नसतानाही दोन दिवस निभावले पाहिजे अशी अपेक्षा ठेवली, तर १,८०० वॅट-तास साठवावे लागतील. १२ व्होल्टची १०० ॲम्पिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी नावाला १,२०० वॅट-तासांची असली तरी तिचे आयुष्य टिकवायचे तर निम्मीच वापरावी लागते. म्हणून अशा तीन बॅटऱ्या हव्यात, आणि एकीचे वजन सुमारे २८ किलो धरले तर एकूण ८४ किलो. तेवढ्याच ॲम्पिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२.८ व्होल्टवर १,२८० वॅट-तास देते, त्यातले ८० टक्के किंवा त्याहून अधिक निर्धास्तपणे वापरता येतात, आणि तिचे वजन १२-१३ किलोच असते. दोन बॅटऱ्यांत, सुमारे २५ किलोंत, काम भागते. वाचलेले ५९ किलो ओढक्षमतेच्या हिशेबात दोन टक्केसुद्धा नाहीत, त्यामुळे निव्वळ त्या आकड्याकडे पाहणाऱ्याला बॅटरी बदलण्याचा खर्च अनाठायी वाटेल.

पेलोडच्या हिशेबात चित्र अगदी वेगळे दिसते, कारण इथे वजनाइतकीच जागाही महत्त्वाची असते. लेड-ॲसिड बॅटऱ्या बहुधा ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी सांगाड्यावर, जोडणीच्या अगदी जवळ बसवतात. जोडणीपासून ट्रेलरचा ॲक्सल पाच मीटर दूर असेल आणि बॅटऱ्या अर्ध्या मीटरवर असतील, तर तरफेच्या साध्या नियमाने त्यांच्या वजनाचा ९० टक्के भाग हिचवर येतो. ८४ किलोंपैकी ७६ किलो पिकअपच्या पेलोडमधून गेले. लिथियम बॅटऱ्या त्याच जागी ठेवल्या तर हिचवर सुमारे २३ किलोच येतात. आपल्या उदाहरणातल्या २५२ किलोंत या तीन लेड-ॲसिड बॅटऱ्या धरलेल्या असतील, तर त्या बदलल्यावर हिचवरचा भार १९९ किलोंवर उतरतो आणि पेलोड जेमतेम मर्यादेत बसतो.

पण काम इथे संपत नाही. ट्रेलर आता २,०४१ किलोचा आहे आणि १९९ किलो म्हणजे त्याच्या १० टक्क्यांहून थोडे कमी. हिचवरचा भार कमी पडला की ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे डोलू लागतो, आणि एका मर्यादेनंतर हे डोलणे चालकाच्या आवाक्याबाहेर जाते. पेलोड वाचवण्यासाठी सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला सरकवण्याचा सल्ला कधीकधी दिला जातो, तो मला अत्यंत घातक वाटतो. त्याने स्टिकरवरचा आकडा पाळला जातो आणि रस्त्यावरची स्थिरता गमावली जाते. योग्य उपाय उलट दिशेचा आहे: भार पिकअपमधून काढून ट्रेलरमध्ये न्यायचा. हौद्यातले ३० किलो सामान जोडणी आणि ॲक्सल यांच्या बरोबर मध्ये ठेवले, तर त्यातले १५ किलो हिचवर येतात. हिचवरचा भार २१४ किलो, ट्रेलरचे वजन २,०७१ किलो, प्रमाण १० टक्क्यांच्या वर, आणि पिकअपमध्ये भारासाठी आता २३० किलोंची जागा आहे. मुबलक शिल्लक असलेली ओढक्षमता इथे खऱ्या अर्थाने उपयोगी पडली. मात्र ट्रेलरच्या स्वतःच्या कमाल अनुज्ञेय वजनाची पाटी आधी पाहिलेली असावी.

लिथियम बॅटरी घेतल्यावर तिची जागाही बदलता येते, नव्हे, थंड प्रदेशात ती बदलावीच लागते. शून्य अंश सेल्सिअसखाली ही बॅटरी चार्ज केल्यास आत धातुरूप लिथियमचा थर साचून कायमचे नुकसान होते, म्हणून ती राहत्या भागात ठेवणे हिताचे असते. पाणी घालावे लागणाऱ्या लेड-ॲसिड बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघत असल्याने तिला ही मोकळीक नसते. जोडणीपासून दोन मीटरवर, आतल्या कपाटात ठेवलेल्या २५ किलोंपैकी १५ किलोच हिचवर येतात. अशा वेळी जुना चार्जर लिथियमला अनुकूल आहे का हे तपासावे, आणि पिकअपकडून जोडणीच्या लांब, बारीक तारेतून येणाऱ्या तुटपुंज्या प्रवाहावर विसंबून न राहता डीसी-डीसी चार्जर (गाडीकडून येणारी वीज ट्रेलरच्या बॅटरीला योग्य व्होल्टेजने देणारे उपकरण) व त्याला साजेशी जाड तार बसवावी. बॅटरी हलवताना एका तारेची विशेष काळजी घ्यायला हवी: विद्युत ब्रेक असलेला ट्रेलर वाहनापासून सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी यंत्रणा ट्रेलरच्याच बॅटरीवर चालते, आणि तो जोड तुटून राहिला तर ते लक्षात येते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

पेलोड मर्यादेत असूनही मागचा ॲक्सल अतिभारित होऊ शकतो. हिच मागच्या ॲक्सलच्या मागे असल्यामुळे साडेतीन मीटरच्या व्हीलबेसच्या (पुढच्या व मागच्या ॲक्सलमधल्या अंतराच्या) आणि सव्वा मीटर मागे हिच असलेल्या पिकअपमध्ये २०० किलोंचा भार मागच्या ॲक्सलवर २७१ किलो होऊन पडतो आणि पुढच्या ॲक्सलवरून ७१ किलो उचलतो. स्टिअरिंग हलके लागणे, दिव्यांचा झोत वर जाणे, पुढच्या ब्रेकची पकड कमी होणे ही त्याचीच लक्षणे. भार विभागणारी हिच यातला काही भार पुढच्या ॲक्सलवर आणि ट्रेलरच्या चाकांवर परत पाठवते, आणि स्प्रिंगांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या (एअरबॅग) किंवा जादा स्प्रिंगा गाडीची मागची बाजू वर उचलतात. परंतु यांपैकी कशानेही वाहनाचे अनुज्ञेय वजन वाढत नाही. उलट त्या उपकरणांचे वजन पेलोडमधूनच वजा होते.

वरचे सगळे आकडे कागदावरचे आहेत. प्रत्यक्ष आकडे वजनकाट्यावरच कळतात. माणसे, पाणी, सामान यांसह पूर्ण तयारीत आधी ट्रेलर जोडून वजन करावे, पिकअपचे दोन्ही ॲक्सल आणि ट्रेलरचे ॲक्सल यांची नोंद वेगवेगळी घ्यावी, मग ट्रेलर सोडून पिकअपचे एकट्याचे वजन करावे. भार विभागणारी हिच असेल तर तिचे दांडे सैल ठेवूनच पहिली नोंद घ्यावी, नाहीतर हिचवरचा भार प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. दांडे ताणून घेतलेली आणखी एक नोंद ॲक्सलवरचा प्रत्यक्ष प्रवासातला भार सांगते. जोडलेल्या आणि सुट्या पिकअपच्या वजनांतला फरक हा हिचवरचा भार, जोडलेल्या पिकअपचे वजन त्याच्या कमाल अनुज्ञेय वजनाशी ताडायचे, आणि हिचवरचा भार अधिक ट्रेलरच्या ॲक्सलवरचे वजन ही बेरीज ओढक्षमतेशी. बॅटरी, पाण्याची टाकी किंवा सामानाची पेटी यांपैकी काहीही बदलले किंवा हलवले की ही वजने पुन्हा करावीत.