पणाला किती लावायचे? भाव, स्प्रेड आणि जोखमीच्या हिशेबाची पार्श्वभूमी

महाभारताच्या वनपर्वात नळ राजा भाऊ पुष्कर याच्याशी द्यूत खेळून राज्य गमावतो आणि बाहुक या नावाने ऋतुपर्णाचा सारथी होतो. प्रवासात ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाकडे नुसते पाहून त्याच्या पानाफळांचा आकडा सांगतो. नळ रथ थांबवून मोजतो, तर आकडा बरोबर निघतो. मग अश्वविद्येच्या मोबदल्यात ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकवतो. मला या कथेत त्यापुढचा प्रसंग अधिक महत्त्वाचा वाटतो. ही विद्या घेऊन परतलेला नळ पुष्कराशी पुन्हा खेळायला बसतो आणि एकाच डावात सर्वस्व लावतो. तो जिंकतो, पण फासे कसे पडतील हे कळणे वेगळे आणि किती लावावे हे कळणे वेगळे. युरोपातल्या गणितज्ञांना पहिल्या प्रश्नाची वाट 1654 मध्ये सापडली. दुसऱ्याचे नेमके सूत्र यायला आणखी 300 वर्षे गेली.

सोळाव्या शतकात इटालियन वैद्य जिरोलामो कार्दानो याने फाशांच्या शक्यता मोजण्याचा प्रयत्न केला होता. तो स्वतः अट्टल जुगारी होता. त्याचे हे लेखन मात्र त्याच्या मृत्यूनंतर, 1663 मध्ये छापले गेले. त्याच्यानंतर गॅलिलिओने तीन फाशांचे एक कोडे सोडवले: बेरीज 9 आणि बेरीज 10 दोन्ही सहा-सहा प्रकारे होतात, तरी खेळणाऱ्यांना 10 जास्त वेळा पडताना का दिसते? क्रम धरून मोजले तर 216 पैकी 25 वेळा 9 येतात आणि 27 वेळा 10. एवढासा फरक खेळणाऱ्यांच्या नजरेने टिपला होता, याचे मला अजून नवल वाटते.

मग आला फ्रान्समधला जुगाराचा शौकीन शवालिए द मेरे. एक फासा चार वेळा टाकून निदान एकदा सहा पाडण्याची पैज फायद्याची होती. तर दोन फासे 24 वेळा टाकून निदान एकदा दोन्ही सहा पाडण्याची पैजही तशीच असायला हवी, असा सरळ हिशेब होता. प्रत्यक्षात पहिली शक्यता 51.8 टक्के आहे, दुसरी 49.1. त्याने पास्कालपुढे ठेवलेल्या प्रश्नांतून 1654 मध्ये पास्काल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांचा पत्रव्यवहार झाला आणि संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला गेला. 1657 मध्ये डच शास्त्रज्ञ ह्युगेन्सने या विषयावर पुस्तिका छापली. तिच्यातला शेवटचा प्रश्न दोन खेळाडूंपैकी कोण आधी कफल्लक होईल याचा होता. त्यातून पुढे निघालेला निष्कर्ष कडू आहे: खेळ अगदी समसमान असला, तरी अथांग पैसा असलेल्या प्रतिस्पर्ध्यापुढे मर्यादित पुंजीवाला खेळत राहिला तर शेवटी रिकामा होतो.

खेळ समसमान नसतोच. बुकीने सांगितलेला भाव म्हणजे शक्यता, असे समजणे ही सर्वांत जुनी आणि सर्वांत महाग चूक आहे. भाव ही किंमत आहे आणि किमतीत विकणाऱ्याचा नफा आधीच धरलेला असतो. दोन्ही बाजूंना 11 लावून 10 मिळवा असा भाव असेल, तर प्रत्येक बाजूची शक्यता 52.4 टक्के धरल्यासारखे होते. दोन्हींची बेरीज 104.8. शंभरावरचे ते पावणेपाच बुकीचे. युरोपियन रूलेटमध्ये फिरत्या चाकावर चेंडू टाकतात; त्यात आकड्यांची 37 घरे असतात, पण एका आकड्यावर 35 पटच मिळतात. दर डावाला सरासरी 2.7 टक्के कापले जातात.

‘संयम ठेवा’ हा सल्ला इथे फार जपून घ्यावा लागतो. 18 ऑगस्ट 1913 रोजी माँटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटचा चेंडू सलग 26 वेळा काळ्या घरात पडला. आता तरी लाल येईलच, या भरवशाने लोक लाल रंगावर पैसे लावत गेले आणि बुडाले. चेंडूला मागचे डाव आठवत नाहीत. किंमत तुमच्या विरोधात असेल तर चिकाटी तुमचे नुकसान फक्त पक्के करते. संयमाला अर्थ येतो तो किंमत खरोखर आपल्या बाजूने असेल तेव्हाच, आणि तेव्हाही पुंजी शाबूत राहिली तरच.

ही ‘पुंजी शाबूत’ची अट 1956 मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या जॉन केली यांनी सूत्रात मांडली. ते काम करत होते माहितीच्या वहनावर. जुगार हे उदाहरण होते. समजा, एक नाणे 55 टक्के वेळा आपल्या बाजूने पडते आणि जिंकल्यास लावले तेवढेच मिळतात. केली सांगतात, दर वेळी जवळच्या पुंजीचा 10 टक्के भाग लावा. 100 डावांत नेमके 55 जिंकले तर 100 चे सुमारे 165 होतात. तेच नाणे, तेच 55 विजय, पण दर वेळी 30 टक्के लावले तर 100 चे जेमतेम 20 उरतात. खेळ आपल्या बाजूचा, अंदाज बरोबर, आणि तरी माणूस बुडतो. या विषयात मला एकच गोष्ट सांगायची मुभा असती तर मी हे गणित सांगितले असते. गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांनी ते ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात आणि नंतर शेअर बाजारात वापरले. अनेक जाणकार सूत्राच्या निम्मेच लावतात: वाढ सुमारे तीन चतुर्थांश मिळते, चढउतार निम्मे होतात.

आता स्प्रेड. या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. अमेरिकेत बलाढ्य संघाला काही गुणांचा बोजा देऊन सामना बरोबरीचा करतात. 1940 च्या दशकातल्या या पद्धतीचे श्रेय शिकागोच्या चार्ल्स मॅकनील यांना दिले जाते. तिथे लावलेली रक्कम गेली की विषय संपतो. ब्रिटिश स्प्रेड बेटिंगमध्ये तो तिथे संपत नाही. 1974 मध्ये स्टुअर्ट व्हीलर यांनी सोन्याच्या भावावर अशा पैजा घेणारी कंपनी काढली. परकीय चलनाच्या निर्बंधांमुळे ब्रिटनमध्ये सोने घेणे तेव्हा कटकटीचे होते; सोने न घेता त्याच्या चढउतारावर पैज लावता येऊ लागली. पुढे ही पद्धत शेअर निर्देशांकांवर आणि खेळांवरही आली. एखाद्या डावाच्या धावांचा भाव 280-290 असेल (खालच्या आकड्याला विकायचे, वरच्याला घ्यायचे; मधले अंतर म्हणजे स्प्रेड) आणि तुम्ही 290 ला धावेमागे 1 या दराने ‘घेतले’, तर 340 झाल्यावर 50 मिळतात. संघ 150 त गारद झाला तर 140 द्यावे लागतात. अंदाज किती चुकला, त्यावर भुर्दंड ठरतो. वर ठेव थोडीच भरून मोठा सौदा करता येतो, त्यामुळे माणसाला आपण किती लावले हेच कळेनासे होते. ठेवीचा आकडा म्हणजे जोखीम, असे तो धरून चालतो.

15 जानेवारी 2015 रोजी स्विस मध्यवर्ती बँकेने युरोचा भाव 1.20 फ्रँकखाली जाऊ न देण्याची मर्यादा अचानक सोडली आणि फ्रँक काही मिनिटांत उसळला. थोड्या ठेवीवर असे सौदे करून स्टॉप-लॉस, म्हणजे ठरावीक भावाला आपोआप बाहेर पडण्याचा आदेश, लावून बसलेल्यांनाही ठरवलेल्या भावाला बाहेर पडता आले नाही, कारण मधल्या भावांना समोर घेणारा कोणी नव्हता. अनेकांच्या खात्यात शून्याच्याही खाली आकडे गेले. 2018 मध्ये युरोपच्या बाजार नियामकाने अशा सौद्यांची पाहणी मांडली: 74 ते 89 टक्के किरकोळ खाती तोट्यात होती. त्याच वर्षी ठेवीच्या किती पट सौदा करता येईल यावर मर्यादा आली, मोठ्या चलनांसाठी 30 पट. आणि फाशांचा जुगार खेळणाऱ्याला न मागता मिळालेले संरक्षण इथे नियम करून द्यावे लागले: खात्यात आहे त्याहून जास्त हरता येणार नाही.