एका तंतूची एक पेशी

उकललेल्या बोंडातली एक सरकी घ्या आणि तिच्यावरची रुई बोटांनी दोन्ही बाजूंना विंचरा. त्यातला एकच तंतू चिमटीत धरून उजेडाकडे न्या. अडीच-तीन सेंटिमीटरचा हा तंतू म्हणजे एकच पेशी! खानदेशात वेचणीला गेलेल्या प्रत्येकानं अशा लाखो पेशी हाताळल्या आहेत.

पेशी म्हटलं की आपल्याला एकीच्या दोन, दोनाच्या चार एवढंच आठवतं. पण विभागणं वेगळं आणि वाढणं वेगळं. रावेर-यावलच्या केळीबागेत गड्ड्याच्या कोंबात विभागणीच चालते. तिथली इवलीशी पेशी आधी आपल्या 33 गुणसूत्रांची प्रत काढते, दोन्ही टोकांना एकेक संच ओढून घेते आणि मधोमध नवी भिंत घालते. पुन्हा तेच. मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटणारी पिल्लं, येतात ते यातूनच, आणि टिश्यूकल्चरची रोपंही.

कापसाचा तंतू मात्र विभागतच नाही. फूल उमलतं त्याच दिवशी आतल्या कोवळ्या बियांच्या सालीवर, चार पेशींमागे साधारण एक, फुगवटा धरते. दुसऱ्या दिवशी फूल गुलाबी पडतं, तोवर तिची लांबण्याची घाई सुरू झालेली असते. ती पुढचे तीनेक आठवडे चालते. जोर असतो पाण्याचा. पेशीच्या पोटातल्या रिक्तिकेत, म्हणजे रसाच्या पिशवीत, साखर आणि पोटॅशियम साठतं, त्यामागे पाणी आत शिरतं, दाब वाढतो आणि कोवळी भिंत ताणली जाते. ती फाटू नये म्हणून पेशी तिच्यात सतत नवा माल भरत राहते. रुंदी मात्र मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपासच! मला या साऱ्यात याचंच सर्वांत नवल वाटतं. नेमका याच दिवसांत पावसानं ताण दिला, तर धागा आखूड राहतो. मग बोंड कितीही टपोरं दिसो, गेलेली लांबी परत येत नाही.

लांबणं मंदावू लागलं की पेशी आतून सेल्युलोजचे, म्हणजे वनस्पतींच्या पेशीभिंतीतल्या मुख्य पदार्थाचे, थर चढवते. पिकलेल्या तंतूच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त सेल्युलोजच असतं. बोंड उकलतं तेव्हा पेशी मेलेली असते. आतलं पाणी सुकतं, पोकळ नळी चपटी होते आणि स्वतःभोवती पिळली जाते. सूक्ष्मदर्शकाखाली हे पीळ स्पष्ट दिसतात. सूत कातताना तंतू एकमेकांना धरून राहतात ते याच पिळांमुळे.