साट्यालोट्याची लिंक आणि कमावलेली लिंक

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एखाद्या दुकानदाराने नवी वेबसाइट काढली की थोड्याच दिवसांत त्याला एक मेल हमखास येतो: "तुम्ही आमची लिंक लावा, आम्ही तुमची लावतो." पुढे कधीतरी एखादा ओळखीचा लेखक, कोणी काही मागितले नसताना, आपल्या लेखात त्याच दुकानाच्या पानाची लिंक देऊन जातो. इतरांच्या लिंक मिळाल्या की गुगलच्या शोधात आपले पान वर येऊ शकते, म्हणून त्या प्रत्येकाला हव्या असतात. दोन्ही लिंक दिसायला सारख्या, कोडमध्येही सारख्याच, आणि दोन्हींच्या मागे कोणाची तरी कोणाशी ओळख असतेच. त्यामुळे "लिंक ओळखीतून मिळवायच्या असतात" असे कोणी सांगितले की बहुतेकांना पहिलाच प्रकार सुचतो. सोयीसाठी पहिलीला साट्यालोट्याची आणि दुसरीला कमावलेली लिंक म्हणू.

साटेलोटे हा शब्द सोयरिकीतला आहे. या घरची मुलगी त्या घरी आणि त्या घरची या घरी दिली, तर एका जोडप्यात बिनसल्याची झळ दुसऱ्या घरालाही लागते. लिंकचेही तसेच होते. तुम्ही त्यांची लिंक काढलीत की ते तुमची काढतात, कारण ती लावायला दुसरे काही कारणच नव्हते. कमावलेली लिंक मात्र तुमचे आणि त्या लेखकाचे बोलणे बंद झाले तरी बहुधा जागेवर राहते, कारण ती त्याने तुमच्यासाठी नव्हे, तर आपल्या वाचकासाठी दिलेली असते. दोहोंतला फरक ओळखायला मला हीच कसोटी सर्वांत उपयोगी वाटते.

गुगललाही नेमका हाच फरक हवा असतो. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पेजरँकचा, म्हणजे पानांचे महत्त्व ठरवण्याच्या पद्धतीचा, पाया असा होता की एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक हे एक प्रकारचे मत आहे, आणि वजनदार पानाच्या मताला जास्त किंमत आहे. मताला किंमत आली की त्याचा बाजारही भरतो. एप्रिल २०१२ मध्ये गुगलने पेंग्विन नावाचा बदल आणून अशा बनावट लिंकांवर जगणाऱ्या वेबसाइट शोधाच्या निकालांत खाली ढकलल्या; २०१६ पासून तो मुख्य प्रणालीचाच भाग झाला आणि अशा लिंकांना बहुतांशी मोजायचेच नाही, असा पवित्रा घेतला गेला. प्रकरण फारच उघड असेल तर गुगलचा माणूस कारवाई करतो आणि तशी नोटीस सर्च कन्सोल या वेबसाइटमालकांसाठीच्या गुगलच्या साधनात दिसते.

मात्र परस्परांना लिंक दिली म्हणजे साटेलोटेच झाले, असे समजण्याचे कारण नाही. गुगलचा आक्षेप अतिरेकी आणि केवळ लिंकसाठी केलेल्या अदलाबदलीला आहे. उद्यमनगरातील एखादी फाउंड्री आपल्या कास्टिंगचे मशीनिंग शिरोली एमआयडीसीत जिथे होते त्या वर्कशॉपचे पान दाखवते आणि ते वर्कशॉपही कास्टिंगसाठी तिचे नाव देते, तेव्हा पुण्याहून चौकशी करणाऱ्या खरेदीदाराला दोन्ही पाने लागणारच असतात. तीच फाउंड्री आपल्या पानाच्या तळाशी गुजरीतल्या साज विकणाऱ्या पेढीची लिंक "आमचे सहयोगी" म्हणून लावते, तेव्हा ती कोणासाठी आहे, याचे उत्तर दोघांपैकी एकालाही देता येत नाही.

कमावलेली लिंक कशी घडते, ते चपलेच्या दुकानावरून जवळून पाहता येते. "अस्सल कोल्हापुरी, वाजवी दर" एवढेच सांगणाऱ्या पानाला कोणी लिंक देत नाही, कारण त्यात दुसऱ्याच्या लेखाला उपयोगी असे काही नसते. त्याच दुकानाने बाभळीची साल आणि हिरडा वापरून चामडे कसे कमावतात, कापशी आणि पुकरी या चपलेच्या प्रकारांतला फरक काय, ऑनलाइन मागवताना पाय कागदावर ठेवून माप कसे घ्यावे, पावसात चप्पल भिजली तर ती उन्हात का वाळवू नये, हे स्वतः काढलेल्या फोटोंसह लिहिले, तर ते पान दुसऱ्याच्या कामी येऊ लागते. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली मिळालेले भौगोलिक मानांकन (जीआय) एकट्या कोल्हापूरचे नसून महाराष्ट्रातील चार (कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर) आणि कर्नाटकातील चार (बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर) अशा आठ जिल्ह्यांचे आहे, ही एकच गोष्ट इतक्या ठिकाणी अर्धवट छापलेली आढळते की ती नीट सांगणारे पान पत्रकार आणि विद्यार्थी दोघेही शोधत असतात. (आपल्या शहराच्या अभिमानापायी ती लपवू नये, एवढे मात्र दुकानदाराला समजावावे लागते.)

पण पान लिहून गप्प बसले तर ते कोणाला दिसणार? इथे ओळख लागते, आणि मी स्वतः चुकलो तो इथेच. सुरुवातीच्या काळात लिंक मागणारा एकच मजकूर, फक्त नावे बदलून, चाळीसेक जणांना पाठवला. एकाचेही उत्तर आले नाही, आणि यायला नकोच होते. पुढे एका प्रवासलेखकाला एवढेच लिहिले: "सर, आपल्या पन्हाळ्याच्या लेखातील बसच्या वेळापत्रकाची लिंक आता उघडत नाही. चपलांच्या परिच्छेदात मानांकन फक्त कोल्हापूरला असल्याचे आले आहे. आठ जिल्ह्यांची यादी सोबत जोडली आहे." लिंक मागितली नव्हती. त्यांनी दुरुस्ती केली, आभार मानले, आणि बऱ्याच महिन्यांनी दुसऱ्याच लेखात आमच्या चपलांच्या पानाची लिंक दिली.

दोन्हींच्या सीमेवर एक प्रकार उरतो: लेखकाला चपलेचा जोड भेट पाठवायचा आणि त्याने लिंकसह परीक्षण लिहायचे. हे गैर नाही, पण ही कमावलेली लिंक नव्हे. लिंकच्या बदल्यात दिलेली वस्तू गुगलच्या नियमांत पैशासारखीच मोजली जाते. अशा लिंकला कोडमध्ये 'स्पॉन्सर्ड' ही खूण लावावी, म्हणजे ती मोबदल्यातून आली आहे हे गुगलला कळते. ती २०१९ मध्ये आली, त्याआधी २००५ पासून 'नोफॉलो' (या लिंकला मत समजू नका, असे सांगणारी खूण) होतीच आणि आजही चालते. खूण लावलेल्या लिंकवरूनही ग्राहक येतोच, आणि जोड पाठवणाऱ्या दुकानदाराला मुळात तोच हवा असतो.