टोकारेव्हचा ‘अर्धा घोडा’ म्हणजे सेफ्टी नव्हे

अमेरिकेत स्वस्त लष्करी पिस्तूल म्हणून टीटी-३३ टोकारेव्ह घेणाऱ्यांना हमखास सांगतात: चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला, जिथून गोळी सुटते) गोळी भरा, घोडा (ट्रिगर नव्हे, मागचा हॅमर) अर्ध्या खाचेवर, म्हणजे अर्धवट मागे अडकवून ठेवा, खुशाल कमरेला लावा. हे चूक आहे, आणि जिवावर बेतणारं आहे. मूळ सोव्हिएत रचनेत हाताने लावायची सेफ्टीच नाही. अर्धी खाच ट्रिगर आणि स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) अडवते, पण फायरिंग पिन, म्हणजे घोड्याचा फटका गोळीपर्यंत नेणारी सुई, अडवणारा भाग आत कुठेच नाही. खाचेची कड झिजलेली असेल आणि पिस्तूल घोड्यावर आपटलं, तर गोळी सुटू शकते. शिवाय भरल्या चेंबरवर घोडा उतरवायचा म्हणजे ट्रिगर दाबून तो अंगठ्याने सावरायचा; तेलकट अंगठा निसटला की संपलं. आयात करताना बसवलेली सेफ्टीही बहुतेकदा फक्त ट्रिगर रोखते. म्हणून मॅगझिनमध्ये ८ गोळ्या, चेंबर रिकामं.