नंबर प्लेटच्या वाट्याला आलेले दोन चौकोन

जुलैत एका पहाटे आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या पंपाची केबल चोरीला गेली. कॅमेऱ्यात सगळं आलं होतं. धो धो पाऊस, रेनकोट घातलेला माणूस, फाटकाची कडी काढायला दोन सेकंद थांबलेली त्याची स्कूटर आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून असलेली मागची नंबर प्लेट. "झूम करा, झूम करा," सगळे म्हणाले. झूम केलं, तर प्लेटच्या जागी करड्या रंगाचा फराटा.

रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये शिरलो तेव्हा बिटरेट, एफपीएस, आय-फ्रेम इंटरव्हल, एच.२६५ अशी नावं दिसली. कॅमेरे बसवणाऱ्याने ती काय असतात ते सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

रेकॉर्डिंग म्हणजे सेकंदाला २५ फोटो (हा आकडा म्हणजे एफपीएस), असं आपण धरून चालतो. तसं खरंच असतं तर काय झालं असतं? १९२० बाय १०८० च्या चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके, म्हणजे पिक्सेल असतात. प्रत्येकाच्या रंगाला ३ बाइट धरले, तर एक चित्र ६.२ एमबीचं होतं, सेकंदाला १५५ एमबी आणि दिवसाला १३ टीबीच्या वर. प्रत्यक्षात बिटरेट, म्हणजे सेकंदाला साठवायचा डेटा, ४ एमबीपीएस ठेवला, तर दिवसाला ४३ जीबी पुरतात (एमबीपीएसमधला 'बी' बिटचा, म्हणून बाइट काढायला आठाने भागायचं). सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये पोलीस ठाण्यांतलं चित्रण १८ महिने जपायला सांगितलं. या हिशोबाने एका कॅमेऱ्याला सुमारे २४ टीबी लागतात. कच्ची चित्रं ठेवायची म्हटली, तर तेवढी जागा दोन दिवसही पुरणार नाही.

मग तीनशेपट बचत होते कुठून? पूर्ण चित्र फक्त अधूनमधून साठवलं जातं. तो आय-फ्रेम. मधल्या पी-फ्रेममध्ये असते फक्त बदलांची नोंद. २००३ साली आलेल्या एच.२६४ या व्हिडिओ आकसवण्याच्या पद्धतीत चित्राचे १६ बाय १६ पिक्सेलचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनासाठी आधीच्या चित्रात शोध घेतला जातो: असाच तुकडा जवळपास कुठे होता का? सापडला की फक्त "६ पिक्सेल उजवीकडे, २ खाली" एवढंच लिहायचं. भिंतीचा चौकोन जागचा हललाच नसेल, तर "तसाच ठेव" एवढं पुरतं. २०१३ च्या एच.२६५ मध्ये हे तुकडे ६४ बाय ६४ पर्यंत मोठे करता येतात, त्यामुळे मोकळी भिंत आणखी स्वस्तात पडते.

अंदाज आणि खरं चित्र यांत जो फरक उरतो, त्याचं गणिती रूपांतर करून ढोबळ बदल आणि बारीक तपशील वेगळे काढतात. मग ते आकडे एका पायरीने भागून पूर्णांकात आणतात. ही पायरी ठरवणारा क्यूपी एच.२६४ मध्ये ० ते ५१ असतो आणि दर ६ अंकांनी पायरी दुप्पट होते. पायरी मोठी झाली की बारीक तपशिलांचे आकडे शून्य होतात. एकदा शून्य झालेला आकडा परत मिळत नाही.

पावसात नेमकं हेच घडतं. प्रत्येक थेंब नवा असतो, आधीच्या चित्रात तो कुठेच सापडत नाही. अंधारात सेन्सरचा दाणेदार गोंगाट, म्हणजे चित्रातले नाचणारे ठिपके, वाढतो, त्याचाही अंदाज बांधता येत नाही. बिटरेट सीबीआर, म्हणजे ठरलेला असेल, तर सगळे बिट थेंबांवर आणि दाण्यांवर खर्च होतात आणि क्यूपी चढत जातो. आमचा कॅमेरा फाटकापाशी १२ मीटर रुंदीचा पट्टा बघत होता, म्हणजे मीटरला १६० पिक्सेल. दुचाकीची मागची प्लेट २०० बाय १०० मिलिमीटरची. ती भरते ३२ बाय १६ पिक्सेल. नीट जुळली तर बरोबर दोन चौकोन! त्या दोन चौकोनांत अख्खा नंबर, दोन ओळींत, एका अक्षराला जेमतेम ५-६ पिक्सेल. अनोळखी माणूस चेहऱ्यावरून ओळखायचा तर आंतरराष्ट्रीय मानक मीटरला २५० पिक्सेल मागतं. "एआयने चित्र स्पष्ट करू" म्हणणारं सॉफ्टवेअर अंदाजाने नवे पिक्सेल भरतं. नंबरच्या बाबतीत असा अंदाज निरपराध माणसाला अडकवू शकतो.

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या 'सीसीटीव्हीत दिसलेल्या भुतां'चंही इथेच बघून घेऊ. तरंगणारा पांढरा गोळा बहुतेक वेळा भिंगाजवळून उडालेला किडा असतो, इन्फ्रारेड दिव्यांनी उजळलेला आणि फोकसबाहेरचा. आरपार दिसणाऱ्या माणसामागे रात्रीचं मंद, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी जास्त वेळ उघडं राहणारं शटर असू शकतं, किंवा थ्रीडी-डीएनआर. हे सेटिंग गोंगाट घालवायला लागोपाठची चित्रं एकमेकांत मिसळतं, म्हणून चालणाऱ्याच्या मागे त्याचीच पुसट सावली रेंगाळते. अशा क्लिप पाहून मुलं रात्री जिन्यात जायला घाबरतात. त्यांना सेटिंगचं हे पान उघडून दाखवा.

आम्ही फाटकाचा कॅमेरा फक्त ४ मीटरवर रोखला. आता प्लेटला ९६ पिक्सेल मिळतात. एफपीएस २५ वरून १२ वर आणला, बिटरेट २ वरून ४ एमबीपीएस केला, म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला चौपट बिट आले. आय-फ्रेम दर दोन सेकंदांनी ठेवला. शटर १/२५ सेकंदावर सोडलं असतं, तर ताशी २० किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्या वेळात २२ सेंटिमीटर सरकली असती, प्लेटच्या रुंदीपेक्षा जास्त. म्हणून ते १/२५० केलं आणि फाटकावर जास्त उजेडाचा दिवा लावला. दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचला दूधवाला आला. पाऊस होताच. पडद्यावर त्याच्या मोटारसायकलचा अख्खा नंबर वाचता आला, आणि प्लेटचा एक स्क्रू निघालेला होता तोही दिसला.