पार्श्वभूमी : अनुताई वाघ, बोर्डी-कोसबाड आणि अंगणात भरलेली शाळा

अंगणवाडी सेविकांचे मानधन, त्यांच्याकडील नोंदींचा भार आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हे विषय अलीकडे वारंवार चर्चेत येतात. या चर्चेत अंगणवाड्या ज्या सरकारी योजनेतून चालतात, त्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा आरंभ 1975 पासून धरला जातो. अंगणवाडीमागचा विचार मात्र त्याच्या तीस वर्षे आधी, आज पालघर जिल्ह्यात असलेल्या डहाणू तालुक्याच्या किनारपट्टीवर आकाराला आला होता आणि तो पुढची जवळपास पाच दशके ज्यांनी चालवला, त्या बालशिक्षिका अनुताई वाघ यांचे काम समजून घेतल्याशिवाय आजचा पेच नीट उलगडत नाही.

अनुताईंचा जन्म 1910 सालचा, पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, त्यानंतर शिक्षिकेचे प्रशिक्षण, चांदवड परिसरातील आणि पुण्यातील नोकऱ्या, रात्रशाळेतून मॅट्रिक हा प्रवास अनेकांना ठाऊक आहे. 1945 मध्ये ग्रामसेविकांच्या एका शिबिरात त्यांची ताराबाई मोडक यांच्याशी गाठ पडली. गुजरातमधील भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर आणि नंतर दादरच्या शिशुविहारमध्ये बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाई त्या वेळी खेड्यातील मुलांसाठी डहाणूच्या किनारपट्टीवरील बोर्डी गावात केंद्र उभे करीत होत्या. अनुताई पस्तिसाव्या वर्षी तिथे गेल्या आणि शहराकडे परतल्या नाहीत.

त्याच वर्षी याच भागात वेठबिगार आणि लग्नगडीची प्रथा (लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जमीनदाराकडे राबावे लागणे) यांविरुद्ध वारली आदिवासींचा उठाव झाला होता, ही गोष्ट बालशिक्षणाच्या इतिहासात फारशी नोंदवली जात नाही. आईबापांचा दिवसच जिथे जमीनदाराच्या मालकीचा होता, तिथे मुलांच्या शाळेची वेळ कोण ठरवणार, हा प्रश्न त्या उठावापासून वेगळा काढता येत नाही.

बोर्डीतील बालवाडी सुरू झाली तेव्हा ज्यांच्यासाठी ती प्रामुख्याने होती, त्या दलित वस्तीतील मुले तिच्याकडे फिरकेनात. त्यांनी यावे म्हणून वाट पाहायची की शाळेनेच उठून वस्तीत जायचे, या प्रश्नावर केंद्राने दुसरा मार्ग पत्करला. मध्यवर्ती बालवाडी चालू ठेवून तिच्या जोडीला वस्तीतल्या अंगणात, तिथल्या घरांच्या सोयीच्या वेळी, वर्ग भरू लागले. अंगण झाडायचे, मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे आणि मग गाणी, गोष्टी व खेळ, असा तो क्रम होता.

हा निर्णय आज जितका स्वाभाविक वाटतो तितका तो नव्हता. ताराबाईंचे काम ज्या माँटेसरी बालशिक्षण पद्धतीवर उभे होते, तिचा सगळा भर विचारपूर्वक रचलेल्या वातावरणावर, म्हणजे ठरावीक साधने, ठरावीक मांडणी आणि शांतता यांच्यावर आहे. कोंबड्या फिरणाऱ्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी गजबजलेल्या अंगणात त्यातले काय उरणार, ही शंका रास्तच होती. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शाळा वस्तीत नेली की जातींची सरमिसळ टळते, वेगळी वस्ती आणि वेगळी शाळा हे समीकरण पक्के होते, असे कोणी म्हटले तर ते उडवून लावता येणार नाही. तरीही हा निर्णय बरोबर होता असेच म्हणावे लागते. मध्यवर्ती बालवाडी बंद केलेली नव्हती, अंगण हे तिच्याकडे जाण्याची वाट होते. आणि जी शाळा मुलांपर्यंत पोहोचतच नाही, तिच्यातील समता कागदावरच राहते. साधनांचा प्रश्नही परिसरानेच सोडवला. महागड्या लाकडी संचांऐवजी बिया, शिंपले, खडे आणि पाने वापरून वर्गीकरण, मोजणी आणि हाताचे वळण शिकवले गेले. हे काम ‘गरिबांची माँटेसरी’ नव्हते, मूळ तत्त्व समजून नव्याने केलेली ती बांधणी होती.

1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, थेट वारली पाड्यांच्या सान्निध्यात गेले. थोरली मुलगी शाळेत येत नाही कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते, ही अडचण तिथे ठळकपणे समोर आली. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी आकाराला आली, तर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी चरणीच्या जागीच कुरणशाळा भरवली गेली. याच काळात, 1961 मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी अनुताईंनी पदवी घेतली. 1973 मध्ये ताराबाईंच्या निधनानंतर संस्थेची सगळी जबाबदारी त्यांच्यावर आली आणि बालशिक्षणाबरोबरच स्त्रियांच्या जागृतीचे कामही त्यांनी हाती घेतले. 1984 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

दरम्यान, 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने 33 प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्राचे नाव अंगणवाडी ठेवले गेले आणि त्या कल्पनेचे मूळ बोर्डी-कोसबाडच्या कामात शोधले जाते. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा (गरजूंना पुढील उपचारांसाठी दवाखान्यात पाठवणे), पोषण-आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा तिथे एकत्र आल्या. कुपोषणाचे प्रमाण पाहता आहाराला अग्रक्रम मिळणे समजण्यासारखे आहे, परंतु सहापैकी शिक्षण हेच सर्वांत मागे राहिले. कोसबाडला शिक्षिका हा कामाचा कणा होता, तर योजनेत तीच व्यक्ती ‘मानदसेवी’ ठरली, म्हणजे पगाराऐवजी मानधनावर आली.

27 सप्टेंबर 1992 रोजी अनुताईंचे निधन झाले. आज देशभरात सुमारे 14 लाख अंगणवाड्या आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानल्यामुळे सेविकेकडून शिक्षिकेच्या कामाची अपेक्षा नव्याने वाढली आहे आणि पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल अ‍ॅपवरील नोंदीही तिलाच कराव्या लागतात. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निर्णय दिला. डिसेंबर 2023 मध्ये महाराष्ट्रातील सेविका मानधनवाढ, ग्रॅच्युइटी आणि निवृत्तिवेतन या मागण्यांसाठी संपावर गेल्या, तेव्हाही त्यांची नेमणूक मानधनावरचीच होती.