श्रेणीगुणांची सरासरी आणि टक्केवारीचा गुंता : पार्श्वभूमी

१९८५ मध्ये गोव्याचे स्वतःचे विद्यापीठ सुरू होईपर्यंत गोव्यातील महाविद्यालये मुंबईच्या विद्यापीठाशी संलग्न होती आणि निकाल टक्के व वर्ग यांतच लागत असे. दहा गुणांच्या श्रेणीला देशभर एकसारखे रूप मिळाले ते २०१५ च्या सुमारास. 'ओ' श्रेणी म्हणजे १० श्रेणीगुण, 'ए प्लस' म्हणजे ९, असे उतरत जाऊन काठावर उत्तीर्ण होणाऱ्याला ४, असा तक्ता तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोग या केंद्रीय नियामकाने सुचवला. गोव्यात पदवीच्या वर्गांना ही पद्धत २०१७-१८ पासून लागू झाली.

सरासरी काढताना प्रत्येक विषयाचे श्रेयांक, म्हणजे त्या विषयाला दिलेले वजन (क्रेडिट), लक्षात घ्यावे लागतात. चार श्रेयांकांच्या दोन विषयांत ८ व ७ आणि दोन श्रेयांकांच्या विषयात ९ श्रेणीगुण मिळाले, तर ३२, २८ व १८ यांची बेरीज ७८ होते. तिला एकूण १० श्रेयांकांनी भागल्यावर ७.८ येतात. नुसती सरासरी ८ आली असती. सर्व सत्रांची एकत्रित सरासरीही श्रेयांक धरूनच काढायची असते.

खरा वाद आहे तो या आकड्याची टक्केवारी करण्याचा. ९.५ ने गुणण्याची पद्धत एका केंद्रीय मंडळाच्या दहावीच्या निकालातून आली. ९१ ते १०० गुण मिळवणाऱ्यांची सरासरी तेथे ९५ च्या आसपास असल्याने, तिला त्यांच्या १० श्रेणीगुणांनी भागून, हा गुणक ठरवण्यात आला होता. पुढे काही विद्यापीठांनी तोच पदवीला लावला, जरी पदवीच्या गुणांची वाटणी दहावीसारखी नसते. तांत्रिक शिक्षणाच्या नियामकाच्या तक्त्यात मात्र ६.२५ ला ५५ टक्के आणि ६.७५ ला ६० टक्के धरले आहेत, म्हणजे ०.७५ वजा करून १० ने गुणायचे. अन्यत्र सरळ १० ने गुणतात. त्यामुळे ५.६ सरासरीचे कुठे ५६, कुठे ५३.२, तर कुठे ४८.५ टक्के होतात. बी.एड.च्या प्रवेशाला सर्वसाधारण गटासाठी पदवीचे किमान ५० टक्के लागतात. तेव्हा तीच गुणपत्रिका एका सूत्राने पात्र ठरते आणि दुसऱ्याने अपात्र. इतका मोठा परिणाम करणारी गोष्ट ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडणे अन्यायाचे आहे.

गोव्यात २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीला १६० श्रेयांक लागतात, आणि दोन, तीन व चार श्रेयांकांचे विषय एकाच सत्रात येतात. गोव्याबाहेर अर्ज करणाऱ्याने टक्केवारी आपल्याच विद्यापीठाच्या सूत्राने लिहावी आणि त्या सूत्राचे अधिकृत पत्र सोबत जोडावे.